कुणी मरत नाही असं पुस्तक

चौकशीबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नव्हतं. बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत त्यांची उभी हयात गेली. गाडी कधी सुटणार, कुठल्या फलाटावर लागणार, आजची का आली नाही, आणि नाहीच आली तर माणसाने करायचं काय, या सगळ्याला बाईंकडे उत्तर असे. लोक म्हणत, प्रश्न तोंडातून बाहेर पडायच्या आत बाईंचं उत्तर खिडकीबाहेर पडतं. शिवाय उत्तर देऊन झालं की बाई आपले दोन प्रश्न विचारणार: कुणाकडे चाललात, आणि एवढी मोठी पिशवी कशाला घेतलीत? काहींना ते आवडे, काहींच्या नाकाला मिरच्या झोंबत. बाईंनी भेदभाव केला नाही, सगळ्यांना विचारलं.

निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं की आता आपल्याला कुणीच काही विचारत नाही. मुलगा दूर. तो फोनवर "बरी आहेस ना?" म्हणे आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत "चल, ठेवतो" म्हणे. नवरा तर कधीच गेला होता. तोही कसा, तर एका दुपारी बाजारात जाऊन येतो म्हणून निघाला, रस्त्याच्या कडेला दम खायला बसला तो उठलाच नाही. निरोप आला तेव्हा बाई खिडकीत एका म्हाताऱ्याला गाडीची वेळ सांगत होत्या. ती त्यांनी पुरी सांगितली आणि मग उठल्या. जाणाऱ्याशी शेवटचं दोन शब्द बोलायला मिळालं नाही, हे त्यांच्या मनात राहून राहून येई. काय बोलल्या असत्या, ते मात्र त्यांना कधी सुचलं नाही.

अशात एक दिवस वाचनालयाच्या दारावर कागद दिसला. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वाचकांना पुस्तकं पोचवायला स्वयंसेवक हवेत, असं त्यावर लिहिलं होतं. बाई आत गेल्या त्या पुस्तक बदलायला आणि बाहेर आल्या त्या खांद्याला कापडी पिशवी लावूनच.

वाचनालयाचे ग्रंथपाल बोलण्यात फार कंजूष. एक शब्द खर्च केला तर दिवसभर चुकल्यासारखं तोंड करून बसत. नव्या स्वयंसेवकांना मात्र त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. ज्याच्या नावाचं कार्ड त्याला जे हवं ते न्यायचं, घरच्यांना हवं ते नाही. पान दुमडायचं नाही. वाचकाला आवड विचारायची, वय विचारायचं नाही. आणि कुणाच्या घरात शिरून त्यांचा संसार सुधारायला जायचं नाही. शेवटची गोष्ट सांगताना त्यांनी चौकशीबाईंकडेच पाहिलं. माणूस अबोल असला तरी आंधळा नव्हता.

बाईंच्या वाट्याला दर बुधवारची फेरी आली. एका गल्लीत जहाजावरचा म्हातारा आचारी होता, खुब्याचं हाड मोडून घरी बसलेला. त्याला रहस्यकथा लागत, आणि पहिल्या दहा-पाच पानांत प्रेत सापडलं नाही तर तो पुस्तक परत करी. त्याच्याकडे पिशवी हलकी करून बाई पुढच्या चौकातल्या जुन्या इमारतीचे तीन जिने चढत. तिथे पेंटर आणि सिस्टर राहत.

पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि सिस्टर इस्पितळात परिचारिका होत्या. तरुणपणी शिडीवरून पडून पेंटरांचा पाय मोडला, तो ज्या वॉर्डात जोडला गेला तिथे सिस्टर कामाला. प्लास्टर निघालं, लग्न झालं, पण तोंडात बसलेलं 'सिस्टर' काही निघालं नाही. बायकोला सिस्टर म्हणणारा नवरा शोधूनही दुसरा सापडायचा नाही. त्यांनीही नवऱ्याला जन्मभर 'पेंटर' म्हणून फिट्टंफाट केली होती. मूलबाळ झालं नाही. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

आता सिस्टर अंथरुणाला खिळल्या होत्या. आजार अशा मुक्कामाला आला होता की डॉक्टर औषधांची नावं कमी सांगत आणि "आराम करा" जास्त म्हणत. हातात पुस्तक धरण्याएवढीही शक्ती उरली नव्हती. त्यामुळे पेंटरांनी वाचायचं आणि सिस्टरनी ऐकायचं, असं ठरलं होतं.

पहिल्याच बुधवारी पेंटर दाराबाहेर जिन्यात आले आणि त्यांनी मागे दार ओढून घेतलं.

"एक सांगायचं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "ज्यात कुणी मरत नाही असं पुस्तक आणा."

"म्हणजे विनोदी?"

"विनोदी आणा, रडकं आणा, माझं काही म्हणणं नाही. फक्त मरण नको. त्या विषयाला आमच्या घरात बंदी आहे."

"सिस्टरनी घातली का?"

"मी घातली," पेंटर म्हणाले. त्यांच्या शर्टाच्या बाहीवर जुन्या रंगाचे डाग होते आणि ते डाग ते नखाने खरवडत होते. बाईंना त्या माणसाची फार कणव आली. त्यांनी लगेच कबूल केलं. खरं तर चौकशी खिडकीत जन्म काढलेल्या बाईने, आधी अशी गाडी सुटते का ते पाहायला हवं होतं.

कारण वाचनालयात जाऊन बघतात तो काय! कादंबरी उघडावी तर आई पहिल्या पानावर गेलेली. दुसरी उघडावी तर नायिका विहिरीच्या काठावर उभी. विनोदी लेखकावर भिस्त ठेवावी तर त्याच्या गोष्टीत एक श्रीमंत काका हटकून मरणार, नाहीतर पुढची गंमत घडायची कशी? प्रवासवर्णनात वाटाड्या दरीत पडला. बाईंनी कंटाळून पाककृतींचं पुस्तक उचललं, तर दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लेखिकाच दिवंगत. या लिहिणाऱ्यांना माणसं मारण्याची एवढी काय हौस असते, कुणास ठाऊक. एरवी सभेत पाहावं तर सुईला घाबरतील अशी तोंडं.

शेवटी बाईंनी स्वतःची युक्ती काढली. पुस्तक आधी घरी न्यायचं, वाचून काढायचं, आणि जिथे कुणाचं बरंवाईट होईल ती पानं केसांच्या पिना लावून एकत्र बांधायची. पान दुमडत नाही, फाटत नाही, म्हणजे नियमही मोडत नाही. पेंटरांना त्या म्हणाल्या, "पिना दिसल्या की तेवढी पानं सोडून पुढे चला." पेंटरांनी सिस्टरना सांगून टाकलं की वाचनालयाची पुस्तकं जुनी, त्यात पानं फाटलेली असतात. असं हे सरळ चाललं. ज्या आठवड्यात लढाईची कादंबरी असे त्या आठवड्यात बाईंच्या अंबाड्याला एकही पिन उरत नसे, आणि त्या रुमाल बांधून फेरीला निघत.

पेंटरांचं वाचणं सुरुवातीला ऐकवत नसे. माणसाने जन्मभर पाट्या रंगवलेल्या. वाचतानाही एकेक शब्द सुटा, ठळक, आणि दोन शब्दांच्या मध्ये हातभर मोकळी जागा. "तो. घरी. आला." असं वाटे की पुढे दुकानाची वेळ आणि साप्ताहिक सुट्टीही येणार. पण रोज वाचता वाचता त्यांची जीभ वळली. म्हातारीचं बोलणं ते म्हातारीसारखं आणि सावकाराचं सावकारासारखं वाचू लागले. सिस्टर डोळे मिटून ऐकत, आणि ओठांचा एक कोपरा मधूनच हले. बाईंना वाटे, आपण मोठं पुण्य जोडतो आहोत.

बुधवारी बाई आल्या की पेंटर तेवढ्यात खाली जाऊन औषधं आणि भाजी घेऊन येत. अशाच एका बुधवारी ते गेले आणि सिस्टरनी डोळे उघडले.

"दार लागलं का?"

"लागलं."

"मग आता खरं सांगा. त्या मास्तरचं काय केलंत तुम्ही?"

"कुठल्या मास्तरचं?"

"मागच्या कादंबरीतल्या. बिचाऱ्याला खोकला सुरू झाला, आणि लगेच पेंटर म्हणाले, इथली पानं फाटलीत. पुढच्या पानावर ऐकते तर त्याची बायको एकटीच चहा पितेय. मेला ना तो?"

प्रश्न समोर आहे आणि उत्तर नाही, असं बाईंचं आयुष्यात पहिल्यांदा झालं. "बदली झाली असेल," त्या कशाबशा म्हणाल्या.

"खोकल्यावर बदली होत नसते, बाई."

"क्षयाने गेला," बाईंनी कबूल करून टाकलं.

"बघा! मला न्युमोनिया वाटला होता," सिस्टर म्हणाल्या. मग दोघी हसल्या, इतक्या की सिस्टरना धाप लागली आणि बाईंना त्यांची मान उचलून पाणी पाजावं लागलं. सिस्टरना पहिल्या पुस्तकापासून सगळं कळत होतं. पिना आल्या की कुणाचा नंबर लागला ते ओळखायचं, हाच त्यांचा खेळ झाला होता. "ती जहाजाची गोष्ट तर कमाल होती," त्या म्हणाल्या. "जहाज भरून माणसं निघाली, किनाऱ्याला दोघंच लागली, आणि बाकीचे कुठे गेले म्हणून कुणी विचारतसुद्धा नाही!"

"पेंटरना सांगितलं नाहीत हे?"

"कशाला सांगू? मला जपण्यात त्यांचा जीव गुंतलाय. गुंतू दे." सिस्टरनी दाराकडे एकदा बघून घेतलं. "पण आता माझ्याकडे वेळ थोडा आहे, बाई."

"अहो, असं काय बोलता! अशुभ नका बोलू."

"पाहिलंत? तुम्हीसुद्धा." सिस्टर रागावल्या नाहीत. दमलेल्या माणसाने पायरीवर टेकावं तसा त्यांचा आवाज झाला. "मी किती जणांचे डोळे मिटले त्याचा हिशेब नाही. नीट मरणं कसं असतं आणि हाल होऊन मरणं कसं असतं, मला लांबून ओळखू येतं. मला या खोलीत जायचंय. या खाटेवर. डॉक्टरांशी मी बोलून ठेवलंय, त्यांची ना नाही. पण आयत्या वेळी पेंटर घाबरणार. फोन करणार. माणसं येतील, मला खुर्चीला बांधून तीन जिने उतरवतील, आणि मग कुठल्यातरी पांढऱ्या बोळात दिव्याखाली, नाकातोंडात नळ्या. हे बाहेर बाकावर बसतील. आत काय चाललंय ते त्यांना शेवटपर्यंत कळायचं नाही. तसं मला मरायचं नाही हो."

"मग सांगा ना त्यांना."

"सांगायला तोंड उघडलं की ते रेडिओ मोठा करतात. परवा म्हटलं, 'पेंटर, मी गेल्यावर…' तर उठले आणि खिडकीची चौकट रंगवायला बसले."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. चौकट चकचकीत होती. दाराची चौकट चकचकीत होती. स्टुलाचे पायसुद्धा नव्यासारखे होते. सिस्टरनी या वर्षात किती वेळा तो विषय काढला असेल, ते त्या खोलीच्या लाकडावर दिसत होतं.

"मी बोललेलं ते ऐकत नाहीत," सिस्टर म्हणाल्या, "पण छापलेलं दिसलं की वाचतात. अक्षर सोडवत नाही त्यांना, धंदाच तो. म्हणून म्हणते, मला एक पुस्तक आणून द्या. ज्यात माणूस आपल्या घरात मरतं. नीट. आणि त्याला पिना लावू नका."

जिन्यावर पेंटरांची पावलं वाजली. ते आत आले, भाजीची पिशवी खाली ठेवली आणि दोघींकडे संशयाने बघत म्हणाले, "कसल्या गप्पा चालल्यात?"

"एका मास्तरच्या बदलीच्या," सिस्टर म्हणाल्या.

बाई घरी गेल्या त्या इकडे आड तिकडे विहीर अशा अवस्थेत. जिन्यात उभं राहून पेंटरांना शब्द दिलेला, आणि खाटेशी बसून सिस्टरना नाही म्हणता आलेलं नाही. शेवटी त्या ग्रंथपालांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. बाईंचं सांगणं म्हणजे स्थानकातून सुटलेली गाडी, मध्ये थांबा नाही. ग्रंथपालांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कार्ड कुणाच्या नावाचं?" त्यांनी विचारलं.

"सिस्टरच्या."

"मग?"

एवढंच. ते उठले, आतल्या कपाटाकडे गेले आणि एक पातळसं, कोपरे मऊ झालेलं पुस्तक घेऊन आले. "हे फारसं कुणी मागत नाही," ते म्हणाले. "पण जो नेतो तो लवकर परत करत नाही." त्या दिवसाचे सगळे शब्द संपवून ते आपल्या जागी जाऊन बसले.

गोष्ट एका नावाड्याची होती आणि त्याच्या म्हाताऱ्या आईची. बाईंनी ती एका बैठकीत वाचली आणि पदरात नाही नाही म्हणता पुष्कळ रडल्या. म्हातारीच्या शेवटच्या दिवसांत नावाडी तिच्याशी जे बोलतो, ते वाचताना त्यांना आपल्या नवऱ्याशी काय बोलायचं राहिलं होतं ते कळल्यासारखं झालं. ते काही फार मोठं नव्हतं. 'दमलास का, जरा पड,' एवढंच होतं.

आणि तरी, वाचून होताच त्यांचा हात सवयीने अंबाड्याकडे गेला आणि शेवटच्या प्रकरणाला पिना लागल्या. बुधवारी सकाळी त्यांनी त्या काढल्या. चपला घालताना परत लावल्या. दिलेला शब्द मोडायचा नसतो, असं त्या स्वतःला बजावत जिने चढल्या. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. ते वाचताना पेंटरांचा चेहरा कसा होईल आणि तो आपल्याला समोर बसून बघावा लागेल, याची.

त्या दिवशी पेंटर खाली गेले नाहीत. औषधं आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चष्मा पुसला आणि वाचायला लागले. गोष्ट लहान होती. म्हातारीने अन्न सोडलं, नावाड्याने नाव काठाला ओढून ठेवली, आणि मग पिना आल्या.

"इथली पानं फाटलेली आहेत," पेंटर म्हणाले आणि जुडगा उलटून पुढचं पान शोधू लागले. पुढे पान नव्हतंच. पुस्तक तिथे संपत होतं.

सिस्टरनी मान वळवून बाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, पण आता आपल्या बाजूचं कुणी उरलं नाही असं काहीतरी होतं. बाईंना ते सहन होईना.

"फाटलेली नाहीत," त्या म्हणाल्या. "पिना मी लावल्यात. आजवर एकही पान फाटलेलं नव्हतं, आणि सिस्टरना ते पहिल्यापासून माहीत आहे." त्यांनी पेंटरांच्या हातातून पुस्तक घेतलं, पिना उपसून काढल्या आणि पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. "हे पुस्तक सिस्टरनी मागवलंय. वाचा."

पेंटरांनी पानावर नजर टाकली. दोन ओळी त्यांनी नक्कीच वाचल्या, कारण त्यांचा चेहरा उतरला. "मी तुम्हाला जिन्यात काय सांगितलं होतं?" ते ओरडले. "घरात घेतलं तुम्हाला, विश्वास ठेवला, आणि तुम्ही हे…" ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी नळ सोडला. पाणी नुसतंच वाहत राहिलं.

आता काय करावं? बाईंनी पुस्तक आपल्याकडे वळवलं आणि स्वतःच वाचायला सुरुवात केली. पण आवाज खिडकीतला, सगळ्या स्थानकाला ऐकू जाणारा. म्हातारीने अंथरुणावरून मुलाला हाक मारली, ती बाईंच्या तोंडून अशी निघाली की जणू फलाट बदलला आहे.

"बाई," सिस्टर क्षीण आवाजात म्हणाल्या, "म्हातारी मरतेय. तिची गाडी सुटत नाहीये."

आत नळ बंद झाला. पेंटर दारात आले. डोळे लाल, हात ओले. आपल्या कामात नवख्याने केलेली चूक कारागिराला बघवत नाही तशा वैतागाने ते म्हणाले, "द्या इकडे ते. असं वाचतात का?"

ते खाटेशी बसले आणि वाचू लागले. पहिल्यासारखा एकेक शब्द सुटा झाला. म्हातारी मुलाला म्हणते, वैद्याला आता बोलावू नकोस. म्हणते, खाट जरा नदीकडे सरकव. म्हणते, "मला कुठे नेऊ नकोस." या ओळीशी पेंटर थांबले. त्यांनी ती परत वाचली. मग बोटाने एकेका अक्षरावरून, रंग देताना ब्रश फिरवावा तसं, आणखी एकदा वाचली.

"सिस्टर," वर न बघता ते म्हणाले, "तुलाही असंच हवंय?"

"हो."

"म्हणून तू इतके दिवस…"

"हो, पेंटर."

पेंटरांनी पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि ते लहान मुलासारखे रडले. सिस्टरचा हात उचलत नव्हता, म्हणून त्यांनीच आपलं डोकं त्या हाताखाली नेऊन ठेवलं. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या.

बऱ्याच वेळाने पेंटरांनी नाक पुसलं. "मला त्यातलं काही येत नाही," ते म्हणाले. "मी काय करायचं असतं, ते सांग."

मग सिस्टरनी सांगितलं. आवाज बारीक होता, पण त्यात वॉर्डातला जुना करडेपणा आला होता. दुखलं तर कुठली बाटली, किती थेंब. ओठ कोरडे पडतील, ओल्या कापसाने टिपायचे, पाणी ओतायचं नाही. श्वासात घरघर येईल. ती ऐकणाऱ्याला भीतीची वाटते, जाणाऱ्याला तिचं काही नसतं. श्वास लांब होत जाईल, मध्ये थांबेल, परत येईल. तेव्हा धावाधाव करायची नाही. फोन डॉक्टरांना करायचा, आणि तोही सगळं झाल्यावर.

"आणि तोवर?" पेंटरांनी विचारलं.

"तोवर वाचायचं. माणसाचे कान उशिरापर्यंत जागे असतात. मी किती जणांना बघितलंय."

"काय वाचू?"

"जे हातात असेल ते. दुकानाची पाटी वाचलीत तरी चालेल," सिस्टर म्हणाल्या, आणि पेंटर रडता रडता हसले. त्या विषयावर पेंटर हसले ते तेव्हा पहिल्यांदा.

त्यानंतरचे काही बुधवार फार चांगले गेले. ही गोष्ट बाई पुढे सगळ्यांना सांगत, आणि लोकांना ती खरी वाटत नसे. बंदी उठली होती. आता पुस्तकात कुणी मेलं की पेंटर थांबून विचारत, "याला काय झालं असेल गं?" आणि सिस्टर निदान करत. एका राजाला तर त्यांनी विषप्रयोगातून सोडवून साध्या अपेंडिक्सने मारलं. आपण गेल्यावर पेंटरांनी काय खायचं, कुणाकडे जाऊन बसायचं, जुने ब्रश कुणाला द्यायचे, हेही बोलून झालं. पेंटर सगळ्याला मान डोलवत, आणि ब्रशांच्या बाबतीत तेवढे भांडत.

मग एका बुधवारी बाई दुसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या तर शेजारीण जिन्यात फोन हातात घेऊन उभी. "बरं झालं तुम्ही आलात," ती म्हणाली. "सिस्टरचं काही खरं दिसत नाही. मी म्हणते इस्पितळाची गाडी बोलावू, तर पेंटर ऐकत नाहीत. दगड झालाय तो माणूस, नुसता वाचत बसलाय. तुम्ही तरी दोन शब्द सांगा."

बाई धापा टाकत वर गेल्या. खोली स्वच्छ होती, खिडकी उघडी होती. सिस्टर कुशीवर होत्या, ओठ ओले होते. त्यांचा श्वास येत होता, थांबत होता, आणि विसरलेलं काही आठवल्यासारखा परत येत होता. पेंटर शेजारी स्टुलावर बसून वाचत होते. कसल्या तरी बागेची गोष्ट होती. बाई दिसताच ते थांबले आणि त्यांचा सगळा धीर एकदम सुटला.

"बाई," ते म्हणाले, "फोन करू का हो? तुम्ही सांगा. करू का?"

आयुष्यभर लोकांनी बाईंना हजार गोष्टी विचारल्या होत्या. इतकं अवघड कुणी काही विचारलं नव्हतं. तोंडात आलेलं 'करा' त्यांनी गिळलं. कारण घाबरल्या त्याही होत्या, आणि एका फोनवर हे सगळं दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालता आलं असतं.

"सिस्टरनी काय सांगितलंय?" त्यांनी विचारलं.

"वाचत राहा म्हणाली."

"मग वाचा."

त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि त्यांनी सिस्टरचा हात हातात घेतला. पेंटरांनी ओळ शोधली. पहिले काही शब्द अडखळले, मग आवाज स्थिर झाला. बागेत कुणीतरी रोपं लावत होतं, कुणीतरी त्याला हसत होतं, पेंटर माळ्याचं बोलणं माळ्यासारखं वाचत होते. खालच्या रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. एक श्वास आला. बाईंनी पुढच्याची वाट पाहिली, बरीच पाहिली. मग हातातला हात त्यांनी थोडा घट्ट धरला आणि काही बोलल्या नाहीत. पेंटर वाचत होते, आणि त्यांना मध्येच थांबवण्याचा आपल्याला काय अधिकार, असं त्यांना वाटलं.

पेंटर वाचत राहिले. माळी घरी गेला, रोपांना पाणी मिळालं, संध्याकाळ झाली. पान उलटून त्यांनी उरलेल्या ओळीही वाचल्या, एकही न गाळता, आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"पेंटर," बाई म्हणाल्या.

"मला मघाशीच कळलं हो," पेंटर म्हणाले. "पण तिला अर्ध्यावर कसं सोडायचं?"